माया

डॉक्टर धुरींनी कागदावर नऊ लिहिलं,
खाली दोन रेघा मारल्या.
नऊ किलो.
मी मनात हिशेब केला: पाच जोड पडदे, अस्तरासकट.

वेंगुर्ल्यात, मासळी बाजाराच्या मागच्या गल्लीत
एकवीस वर्षं बायकांची मापं घेते मी.
छाती, कंबर, मुंढा, बाही.
आकडा मोठ्याने वाचत नाही कधी,
वहीत उतरवते आणि वही मिटते.
माझं माप तेवढं घ्यायचं राहिलं.
दर दिवाळीला आपल्याच ब्लाउजची माया उसवत गेले,
पाव इंच, पाव इंच,
आणि म्हणत गेले, कापड आटलं.

केतकीने, भाचीने, फोनमध्ये डायरी घालून दिली. फुकट.
"मावशी, खाशील ते लिही, चालशील ते लिही.
खोटं लिहू नकोस."

पहिल्याच सकाळी अडले.
घावणा तिला ठाऊक नाही, डोसा घ्या म्हणते.
पेज शोधली तर सूप पुढे केलं.
बांगडा मिळाला, पण कुठल्यातरी गार समुद्रातला, डब्यातला;
तिरफळ नाही, नारळ नाही, त्याला आईबाप नाहीत.
सोलकढीला विचारते: कप की मिलिलिटर?
एक पेला, लिहिलं,
आणि भात संपल्यावर ओंजळीत घेतली ती वेगळी.
ती ओंजळ तिने घेतली नाही.

व्यायामात पोहणं आहे, दोरीउड्या आहेत,
बर्फावरून घसरणंसुद्धा आहे.
पायाचं मशीन नाही.
दिवसाचे सहा तास पाय मारते मी, जागच्या जागी.
शेवटी 'सायकल, सावकाश' यात घातलं.
संध्याकाळी केतकीचा मेसेज:
मावशी, आज तू सावंतवाडीला जाऊन आलीस!

तरी लिहीत गेले.
फिलोमिनाने आणलेल्या दोन नेवऱ्या. लिहिल्या.
खवणीला चिकटलेलं खोबरं. लिहिलं.
तेव्हा कुठे कळलं
किती वेळा मी उभ्याउभ्याच जेवते.

दोन किलो गेले. अर्धा परत आला.

मग ती रात्र. बंदरावर बावटा चढलेला,
ह्यांची लाँच आत आली नव्हती.
भात केला होता, झाकण काढलंच नाही.
एक बाही लावत बसले. उलटी लागली.
उसवली. परत उलटीच लागली.
बाराला पाच मिनिटं असताना फोन वाजला,
झडप घातली.
डायरी होती.
'शाब्बास! आज तुम्ही मर्यादेच्या पुष्कळ आत राहिलात.'
हिरवी खूण, वर फुगे.

फोन पालथा ठेवला.
तिची काय चूक?
भूक नसणं आणि घास न उतरणं
यातलं अंतर तिला कोणी शिकवलंय.

पहाटे निरोप आला, लाँच देवगडला लागली.
दुपारी हे आले, मिठाने पांढरे, बोलणं कमी.
शिळा भात परतला, दोन बांगडे तळले,
एकाच ताटात जेवलो.
रात्री लिहायला बसले तर कुणी किती खाल्लं, आठवेना.
'एक ताट' लिहिलं.
ती म्हणाली, हे माप उपलब्ध नाही.

आता पाच किलोवर गाडी थांबली आहे.
धुरी खूश नाहीत, रागावलेलेही नाहीत.
काल माझा अबोली ब्लाउज मशीनवर घेतला,
खडूची नवी रेघ मारली,
दोन्ही बाजूंनी आत घेतला.
शिकायला येणारी रेशम कात्री घेऊन उभी:
"भायलां कापड कापूं काय गो काकी?"
"नको गो, ऱ्हवांदे.
थोडी माया असूंदे."
तिने नुसता दोरा तोडला.